चालू गाडीत दाबायचं नाही

बेडशाच्या प्रदीप ओव्हाळला दुसऱ्यांदा विचारायची लाज वाटायची. एकदा विचारायचा. समोरच्यानं सांगितलेलं कळलं तर ठीक, नाही कळलं तर मान डोलवायचा आणि मग तेच वाक्य कित्येक दिवस मनात घोळवत बसायचा. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो, तेव्हापासूनचं हे. "समजलं का?" असं गुरुजींनी विचारलं की सगळ्यात आधी मान हलायची ती प्रदीपची. आणि सुट्टीत मला बाजूला घेऊन म्हणायचा, "काय म्हनलं रं गुरुजी?"

पुढं मी तळेगावात दुकान टाकलं आणि तो गाडीवर चढला. आधी पवनानगरच्या पॉलीहाऊसमधली गुलाबाची फुलं टेम्पोनं पुण्याला पोचवायचा. मग आंबीला कारखानदारांच्या संघटनेनं स्वतःचं छोटं अग्निशमन केंद्र काढलं, तिथं बंबावर ड्रायव्हर म्हणून लागला. जुना बंब त्यानं बरीच वर्षं चालवला. धूर काळाकुट्ट सोडायचा तो, चढाला कण्हायचा, पण रस्त्यात कधी बसला नाही. प्रदीप काही मोठा मेकॅनिक नव्हे. बॉनेट उघडलं तर त्याला पाणी आणि ऑइल एवढंच बघता येतं. गाडी मात्र जपून चालवतो, आणि पंपावर उभा राहिला की हलत नाही. केंद्रातला निलेश, जो पाइप घेऊन आगीत पुढं घुसतो, तो म्हणायचा, "मागं प्रदीपदादा असला की मी वळून बघत नाही."

नवा बंब आला त्या दिवशी कंपनीचा माणूस सोबत आला होता. तरणाताठा, हिंदी बोलणारा, गळ्यात ओळखपत्र, आणि त्याला लगेच पुढच्या गावी दुसरी गाडी पोचवायची घाई. त्यानं प्रदीपला केबिनमध्ये बसवून भराभर समजावलं. ही गाडी धूर स्वच्छ करून सोडते. त्यासाठी डिझेलच्या टाकीशेजारी ही दुसरी टाकी, निळ्या झाकणाची. हिच्यात युरियाचं पाणी घालायचं. ते संपलं किंवा खराब निघालं तर आधी पिवळा दिवा लागेल. तरी दुर्लक्ष केलं तर गाडी आपली ताकद आपणच कमी करेल. आणि अगदीच ऐकलं नाही तर सायकलच्या वेगानं चालेल, बस्स.

"कशापायी?" प्रदीपनं विचारलं.

"ताकि कोई बिना यूरिया के ना चलाए," तो म्हणाला. "कानून है."

मग त्यानं डॅशबोर्डवरचं एक लाल बटण दाखवलं. त्यावर प्लॅस्टिकचं पारदर्शक झाकण होतं. हे फक्त बंबाला आणि रुग्णवाहिकेसारख्या गाड्यांना असतं. गाडीनं ताकद काढून घेतली असेल आणि तशीच इमर्जन्सी आली तर झाकण उचलून हे दाबायचं. थोड्या वेळासाठी पूर्ण ताकद परत येते. पण पुन्हापुन्हा नाही, मोजकंच.

प्रदीपला वाटलं, आता विचारायला हवं. म्हणाला, "सायेब, आमचं तर समदंच इमर्जन्सी असतंय. मंग दाबायचं कवा?"

तो पोरगा हसला. "सच्ची वाली इमर्जन्सी में, अंकल."

आणि खाली उतरता उतरता, फोन कानाला लावलेला असतानाच, त्यानं मागं वळून सांगितलं, "और हाँ, चालू गाड़ी में मत दबाना."

प्रदीपनं मान डोलावली. पोरगा गेला.

तो घरी आला तेव्हा त्याची बायको सारिका अंगणात तांदूळ निवडत होती. तिला त्यानं नव्या गाडीचं सांगितलं.

"युरिया म्हंजी? आपुन भाताला टाकतो त्यो?" ती म्हणाली.

"व्हय. म्हंजी त्योच न्हाई, पन त्योच."

"गाडी युरिया खाती?"

"खात न्हाई. पिती. पान्यातनं."

"आन त्यानं काय हुतंय?"

"धूर जातो."

"कुटं जातो?"

प्रदीप विचारात पडला. धूर कुठं जातो हे त्यानं विचारलंच नव्हतं. "जातो बाई कुटंतरी," म्हणाला, आणि हातपाय धुवायला गेला.

कित्येक महिने काही झालं नाही. मग चैत्रात एका सकाळी गाडी सुरू केली तर पिवळा दिवा लागला. प्रदीपनं खाली उतरून निळं झाकण उघडलं. टाकी काठोकाठ भरलेली. त्यानं निलेशला बोलावून दाखवली. निलेशनंही वाकून बघितलं.

"भरलीय की."

"मग दिवा काय म्हनतोय?"

"रिकामी म्हणतोय."

दोघंही थोडा वेळ टाकीकडं, मग दिव्याकडं बघत राहिले. केंद्राचे प्रमुख सुहास साहेब आले, त्यांनीही बघितलं. ते पुण्याचे, कमी बोलणारे, नीटनेटके गृहस्थ. त्यांनी कंपनीला फोन केला. माणूस पाठवतो, असं कंपनीवाले म्हणाले, दोन-तीन दिवसांत. तोवर गाडी चालेल ना, असं साहेबांनी विचारलं, तर पलीकडून उत्तर आलं की चालेल, पण लांब नेऊ नका.

बंबाला लांब नेऊ नका म्हणणं सोपं. आगीची वर्दीच लांबून आली तर?

आलीच. दुसऱ्याच दिवशी दुपारी आंदर मावळातून फोन आला. टाकव्याच्या पुढं एका वाडीवर गोठा पेटला होता. ते गाव खरं तर त्यांच्या हद्दीत नाही, पण ज्यांच्या हद्दीत होतं त्यांचा बंब दुसरीकडं अडकला होता. सुहास साहेब म्हणाले, "जा." प्रदीपनं गाडी काढली. शेजारी निलेश, मागं बाकीची माणसं, टाकी पाण्यानं भरलेली.

टाकव्यापर्यंत ठीक गेली. पुढचा चढ लागला आणि गाडीनं पाय आखडला. प्रदीपनं अ‍ॅक्सिलरेटर खालपर्यंत दाबला होता, इंजिन गुरगुरत होतं, पण गाडी उचलतच नव्हती. काटा खाली खाली येत गेला. पिवळ्या दिव्याशेजारी आता लाल दिवाही लागला होता. मागून एक दूधवाला मोटारसायकलवरून आला, किटल्या लटकवलेल्या, आणि बंबाला ओव्हरटेक करून पुढं गेला. जाताना त्यानं वळून बघितलं.

समोर डोंगराच्या अंगाला धुराची रेघ दिसत होती.

"दादा, दाबा ना ते लाल," निलेश म्हणाला.

"चालू गाडीत दाबायचं न्हाई म्हनला हुता त्यो."

"मग थांबवा."

"ह्या चढाला? पान्यानं भरल्याली हाय. मागं सरकली म्हंजी?"

"मग काय करायचं?"

प्रदीपला ते कळत नव्हतं. आणि तेवढंच नव्हतं. त्यानं मला नंतर सांगितलं, त्या क्षणी त्याच्या डोक्यात दुसरंच घुमत होतं. सच्ची वाली इमर्जन्सी. गोठा आहे. माणूस अडकलाय असं कुणी सांगितलेलं नाही. ताकद मोजकीच मिळते म्हणे. इथं वापरली आणि उद्या एखाद्या कारखान्यात माणसं अडकली तर? मग कुणाला तोंड दाखवायचं? असं मनाशी म्हणत तो चढ चढत राहिला. पायी चालणारी एक म्हातारी बराच वेळ बंबाच्या बरोबरीनं चालत होती.

पोचले तेव्हा गोठ्याच्या जागी काळी चौकट आणि मधे धुमसणारा पेंढ्याचा ढीग उरला होता. त्यांनी पाणी मारलं, आग घरापर्यंत जाऊ दिली नाही. म्हशी दावी तोडून खाली ओढ्याकडं पळाल्या होत्या. एक कालवड तेवढी पळाली नव्हती.

गोठा येसूबाईंचा. साठीच्या पुढच्या असतील. त्या ओसरीवर बसून होत्या. रडत नव्हत्या. माणसं पाइप गुंडाळायला लागली तशा उठल्या, आत गेल्या आणि तांब्या-भांडं घेऊन आल्या. प्रदीपच्या पुढ्यात धरलं. "लांबनं आलासा. पानी घ्या," म्हणाल्या.

तो तांब्या हातात घेताना कसं वाटलं, हे प्रदीपला शब्दांत सांगता येत नाही. मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्यानं नुसता हात हलवला.

मग कंपनीचा माणूस आला. पहिला पोरगा नव्हे, दुसराच कुणी. त्यानं लॅपटॉप जोडला, खटखट केली, दिवे गेले. टाकीतल्या सेन्सरचा घोळ असावा, म्हणाला, टाकी भरलेली असली तरी त्याला ती दिसत नसेल, आता ठीक आहे. प्रदीप त्याच्या मागंपुढं करत होता. त्याला विचारायचं होतं, की 'चालू गाडी' म्हणजे नक्की काय. धावती गाडी, की नुसतं इंजिन सुरू असलेली? आपण म्हणतो गाडी चालू कर, तेव्हा गाडी जागेवरच असते. आणि आपणच म्हणतो चालू गाडीतून उतरू नको, तेव्हा ती पळत असते. मग बटण दाबायचं ते इंजिन बंद करून, का गाडी उभी करून? पण हे एकदा विचारून झालंय, असं त्याला वाटलं. विचारलेलं नव्हतं, नुसती मान डोलावली होती. तरी त्याला ते विचारून झाल्यासारखंच वाटत होतं. माणूस लॅपटॉप बंद करून निघून गेला.

त्यानंतर थोडे दिवस बरे गेले. पण प्रदीपचं लक्ष सगळं त्या दिव्यांवर. गाडी सुरू केली की आधी रस्ता बघायच्या ऐवजी डॅशबोर्ड बघायचा. सारिका म्हणायची, "जेवताना बी तुमी ताटात दिवा शोधतायसा."

पावसाळा तोंडावर आला होता, ढग घाटावर येऊन थबकले होते, तेव्हाची गोष्ट. सकाळची पाळी नुकतीच सुरू झालेली. आंबीतच, केंद्रापासून दोनेक किलोमीटरवर, पुठ्ठ्याचे खोके बनवणाऱ्या कारखान्यात आग लागली. प्रदीपनं बंब नेऊन फाटकात उभा केला. माणसं सगळी बाहेर मैदानात जमली होती. मुकादम नावं पुकारत होता. एका नावाला उत्तर आलं नाही. मानसी. वरच्या माळ्यावर छपाई झालेल्या खोक्यांची तपासणी करणारी मुलगी.

निलेश आणि समर्थ पाइप घेऊन आत शिरले. समर्थ केंद्रातला दुसरा जवान, निलेशचा जोडीदार. प्रदीप गाडीच्या मागं पंपाशी उभा राहिला. हा पंप वेगळा चालत नाही, गाडीच्या इंजिनावरच चालतो. इंजिन जोरात असेल तर पाणी जोरात. सुरुवातीला दाब चांगला होता. पाण्याचा फवारा माळ्याच्या खिडकीपर्यंत जात होता.

आणि मग इंजिनाचा आवाज पडला.

कुणी काही केलेलं नव्हतं. आवाज हळूहळू बसत गेला, जसा रेडिओचा आवाज कुणी कमी करावा. दाबाचा काटा उतरायला लागला. टणक झालेला पाइप प्रदीपच्या डोळ्यांसमोर मऊ पडला. वॉकीटॉकीवर निलेशचा आवाज आला, "पाणी! पाणी का कमी केलं?"

"म्या न्हाई केलं!" प्रदीप ओरडला. पंपाशी असलेला रेसचा दांडा त्यानं पूर्ण वर ढकलला. काही फरक पडला नाही.

सुहास साहेब धावत आले. "ओव्हाळ, काय झालं?"

"गाडीनं परत ताकद काढली, साहेब."

"ते बटण आहे ना?"

"चालू गाडीत दाबायचं न्हाई म्हनला हुता."

"चालू म्हणजे? धावती, की इंजिन सुरू?"

प्रदीपनं त्यांच्याकडं बघितलं. इतके महिने जे त्याच्या मनात होतं, ते साहेबांनी एका दमात विचारलं होतं. "त्येच तर म्या इचारलं न्हाई, साहेब," तो म्हणाला.

साहेबांनाही ठाऊक नव्हतं. गाडीचं पुस्तक केंद्रात कपाटात होतं. त्यांनी फोन काढला आणि कंपनीच्या मदत क्रमांकाला लावला. फोनवर सनई वाजायला लागली.

इंजिन बंद करून दाबायचं म्हटलं तर पाणी पूर्णच थांबणार. आत दोन माणसं, आणि ती मुलगी. इंजिन सुरू असताना दाबायचं म्हटलं आणि त्यानं ते कायमचंच बंद पडलं तर? प्रदीप पंप सोडून केबिनकडं पळाला. पंपाशी उभ्या असलेल्या ड्रायव्हरनं जागा सोडायची नसते, हे त्याच्या अंगात इतकं मुरलेलं होतं की पळताना त्याला आपण पळून चाललोय असंच वाटलं. त्यानं केबिनचं दार उघडलं, झाकण उचललं आणि बटण दाबलं.

काही झालं नाही.

पुन्हा दाबलं. काही नाही. बाहेर निलेशचा आवाज साहेबांच्या वॉकीटॉकीवर येत होता, शब्द कळत नव्हते. प्रदीपनं तिसऱ्यांदा दाबलं, आणि ह्या वेळी बोट काढलं नाही. त्यानं काही विचार करून तसं केलं असं नाही. तो मला म्हणाला, "बोट उचलायचंच इसरलो. हात लाकडावानी झालता." ते बटण तसंच दाबून धरायचं होतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. लाल दिवा लुकलुकायला लागला, आणि पायाखालून इंजिन उठलं. आधी गुरगुरलं, मग चढत गेलं, चढत गेलं. मागं पाइप पुन्हा ताठ झाला.

तो परत पंपाशी धावला. त्यानं दोन्ही हातांनी दांडा धरला. ही ताकद किती वेळ टिकेल ते माहीत नव्हतं. इंजिनाचा आवाज जरा कुठं बदलला की तो दाबाच्या काट्याकडं बघायचा. साहेबांच्या फोनवर सनई वाजतच होती.

निलेश आणि समर्थनं मानसीला बाहेर आणलं. डोक्यावर ओलं पोतं, तोंड काळं, खोकत होती. तिला गुलमोहराखाली बसवलं, कुणी पाणी दिलं. पहिलं वाक्य काय बोलली तर, "माझा डबा आतच राहिला." आजूबाजूच्या बायका हसल्या आणि त्याच बायका रडायला लागल्या.

शेजारचे बंब आले, आग आटोक्यात आली. निम्मा कारखाना गेला, पण माणूस एकही गेला नाही. आणि मग इंजिन पुन्हा बसलं. ह्या वेळी त्याची कुणाला गरज नव्हती. प्रदीपनं बंब केंद्रात परत नेला तो सायकलच्या वेगानं. मागं गाड्यांची रांग लागली, लोक हॉर्न वाजवत होते. एक पोरगा मोटारसायकल शेजारी घेऊन मोबाइलवर चित्रण करत होता. "आग विझल्यावर पोचणार वाटतं," असं ओरडला. निलेश उतरून त्याच्या अंगावर जाणार होता. प्रदीपनं त्याचा हात धरला. "त्याला काय म्हाईत," म्हणाला.

पुढं जे झालं त्यानं प्रदीप आणखी गोंधळला. ते बटण दाबलं की त्याची नोंद गाडीत आपोआप होते, आणि ती कंपनीकडं जाते. संघटनेची बैठक भरली. एका सदस्यानं प्रदीपकडून खुलासा मागितला, की बटण कुणाच्या परवानगीनं दाबलं. दुसऱ्या सदस्यानं त्याच बैठकीत त्याच्यासाठी शाल आणि नारळ आणून ठेवला होता. आधी खुलासा झाला, मग शाल. प्रदीपला कळेना, आपण उभं राहायचं कसं, मान खाली घालून की वर. फोटोत तो मान तिरकी करून उभा आहे. सारिकानं तो फोटो भिंतीवर लावलाय, बाबासाहेबांच्या तसबिरीच्या खाली, जरा बाजूला.

बैठकीला कंपनीचे एक मोठे अधिकारी आले होते. शाल अंगावर घेऊन प्रदीप परत खुर्चीकडं निघाला आणि मधेच थांबला. सगळ्यांसमोर त्यांना म्हणाला, "सायेब, एक इचारायचं ऱ्हायलंय. चालू गाडीत दाबायचं न्हाई, म्हंजी काय?"

ते मराठीच निघाले. म्हणाले, "धावत्या गाडीत नाही दाबायचं. गाडी जागेवर उभी करायची, हँडब्रेक लावायचा. इंजिन मात्र सुरूच हवं. बंद इंजिनात बटण काही कामाचं नाही. आणि दिवा लुकलुकेपर्यंत दाबून धरायचं."

"म्हंजी चढाला उभी करून दाबलं असतं तर?"

"तर चाललं असतं की. हँडब्रेक असतो ना."

प्रदीप बसला. पुढचं भाषण त्यानं ऐकलं नाही.

सेन्सर बदलून झाला. सुट्टीच्या दिवशी तो सारिकाला मोटारसायकलवर मागं बसवून आंदर मावळात गेला, येसूबाईंच्या वाडीवर. गोठा नवा उभा राहत होता, पत्रे चढलेले होते. येसूबाईंनी त्याला ओळखलं नाही. बंबाच्या कपड्यांशिवाय कसं ओळखणार?

"मावशी, तुमचा गोठा जळाला तवा बंब मी आनला हुता," तो म्हणाला.

"असं व्हय. बसा."

सारिकानं त्याच्याकडं बघितलं. मग त्यानं सगळं सांगितलं. गाडीनं चढाला ताकद काढून घेतली, एक बटण होतं, ते दाबलं असतं तर लवकर येता आलं असतं.

"मग दाबलं का न्हाई?" येसूबाईंनी विचारलं. रागानं नव्हे, कळत नसल्यासारखं.

"मला वाटलं दाबायचं न्हाई. आन वाटलं, मानूस अडाकलं नसंल तर ही खरी इमर्जन्सी हाय का न्हाई. मला काय ठरवताच येईना."

येसूबाईंनी नव्या पत्र्यांकडं बघितलं. "माझ्या म्हशींनी दावी तोडली," त्या म्हणाल्या. "कालवडीचं दावं तर जुनंच हुतं. एक हिसका दिला असता तर सुटली असती. तिनं वढलंच न्हाई. उभी ऱ्हायली. तिला काय वाटलं कुनाला ठावं?"



"वारा त्या दिशी असा हुता की पेंढा कवाच गेला," त्या पुढं म्हणाल्या. "तुमी आदी आला असता तर ती वाचली असती का, मला सांगता येत न्हाई. तुमाला येतंय का?"

"न्हाई, मावशी."

"मग ऱ्हाऊ द्या. भाकरी टाकलीय, दोघं जेवून जा."

ते जेवले. परतताना सारिका टाकव्यापाशी आल्यावर म्हणाली, "तिनं माफ केलं का वो?" प्रदीप म्हणाला, "तसं काय ती म्हनली न्हाई." "पन जेवाय घातलं." "व्हय, घातलं."

त्याच पावसाळ्यात सुहास साहेबांनी आसपासच्या बंबांच्या आणि रुग्णवाहिकांच्या ड्रायव्हर लोकांची लोणावळ्यात एक बैठक घेतली. प्रदीपला बोलायला उभं केलं. तो फार बोलला नाही. गाडी उभी करा, इंजिन सुरू ठेवा, बटण दाबून धरा, आणि मला बोट न उचलल्यामुळं हे कळलं, एवढं सांगितलं. लोक हसले. मग जो तो उठून शंका विचारायला लागला, आणि प्रत्येक शंकेला प्रदीप म्हणाला, "त्ये मला बी म्हाईत न्हाई, आपुन त्यास्नी इचारू." आणि खरंच विचारलं, कंपनीच्या माणसाला, तिथल्या तिथं फोन लावून, एकेक करून. तो कंटाळला तरी विचारत राहिला. प्रदीपनं सोबत नेलं होतं म्हणून मी पाठीमागच्या खुर्चीवर होतो. शाळेतला प्रदीप आठवून मला हसू आवरेना.

तेव्हापासून त्याला ड्रायव्हर लोकांचे फोन येतात. एका रविवारी सकाळी आम्ही दोघं माझ्या दुकानात चहा पीत बसलो होतो. लोणावळ्याचा श्रीपती म्हणून एक रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर आहे, त्याचा फोन आला. भुशीच्या रस्त्यावर पर्यटकांच्या गर्दीतून कसाबसा बाहेर पडलो, म्हणाला, आणि आता गाडी ओढतच नाहीये, दिवा लागलाय.

"मग दाब की," प्रदीप म्हणाला.

"तेच विचारतोय, दादा. गाडी रिकामी आहे. पेशंट आणायला चाललोय. रिकाम्या गाडीला इमर्जन्सी म्हणायचं का?"

प्रदीपनं चहाचा कप खाली ठेवला. "पेशंटला काय झालंय?"

"माहीत नाही. कुणी बाई फोनवर रडत होती. पत्ता सांगितला आणि फोन कट झाला."

प्रदीप माझ्याकडं बघायला लागला. मी खांदे उडवले. "उभी कर," तो फोनवर म्हणाला. "इंजिन बंद करू नगंस. दाब, आन दिवा लुकलुकंपतुर धरून ठेव." पलीकडं थोडा वेळ नुसता पावसाचा आवाज येत होता. मग इंजिन चढल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

दुपारपर्यंत काही कळलं नाही. शेवटी प्रदीपनंच फोन लावला.

"बाई बरी आहे," श्रीपती म्हणाला. "बीपी वाढलं होतं, घाबरली होती. डॉक्टरांनी गोळी देऊन घरी पाठवली. दादा, म्हणजे ती खरी इमर्जन्सी नव्हतीच ना? उगाच वापरलं का आपण?"

प्रदीपनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बाई बरी हाय न्हवं?" त्यानं विचारलं.

"आहे."

"मग ऱ्हाऊ दे," म्हणाला, आणि फोन ठेवला.